सेवाघर

भुवनेश्वरच्या भोईनगर भागात कॉलेज सुटायच्या वेळेला रस्त्यावर मुलीच मुली दिसतात. सायकली, स्कुटी, फाटकाबाहेर गुपचुपच्या गाड्या. पाणीपुरीला ओडिशात गुपचुप म्हणतात. या मुली ‘रमादेवीत’ शिकतात. आपल्याकडे फर्ग्युसनमध्ये किंवा रुइयात म्हणतात, तसंच. 1964 साली इथे कॉलेज सुरू झालं, 2015 मध्ये त्याचं महिला विद्यापीठ झालं. माणसाचं नाव संस्थेला दिलं की ते सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि ज्याचं नाव तो माणूस हळूहळू दिसेनासा होतो.

रमादेवी पूर्ण विसरल्या गेलेल्या नाहीत. ओडिशात त्यांचं नाव निघालं की पुढे ‘मा’ लागतंच. मा रमादेवी. हा मान लोकांनी दिलेला आहे, त्याला कुठल्या सरकारचा शिक्का नाही. तरीही मला या ‘मा’पाशी थांबायचं आहे. आपण एखाद्या बाईला आई म्हटलं की तिच्या हातातल्या कामाचं आपोआप वात्सल्य होतं. तिने माणसं जमवली, तुकड्या पाठवल्या, शिबिरं चालवली, कायदे मोडले, तुरुंगातून सुटून पुन्हा तेच केलं, हे सगळं त्या एका अक्षरात विरघळून जातं. पन्नासहून अधिक वर्षं रमादेवी चौधरी ओडिशातल्या सामाजिक चळवळीच्या पक्क्या संघटक होत्या. मला ती संघटक दिसावी म्हणून मी कटकच्या बाजूला गेले.

कटकपासून फार लांब नसलेलं सत्यभामापूर हे त्यांचं जन्मगाव. 3 डिसेंबर 1899 चा जन्म. वडील गोपालवल्लभ दास सरकारी नोकरीत, आणि काका मधुसूदन दास. ओडिशात ‘मधुबाबू’ एवढं पुरतं. पहिले ओडिया पदवीधर, नामवंत वकील, विखुरलेल्या ओडिया मुलखाला एक प्रांत मिळावा म्हणून 1903 मध्ये उत्कल संमिलनी उभी करणारे. त्यांची आणखी एक बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. हे उच्चवर्णीय घरात जन्मलेले वकील स्वतःचा चामड्याचा कारखाना काढून बसले होते. उत्कल टॅनरी. हाताने काम करणाऱ्याला आपण खालचा ठरवला म्हणून देश दरिद्री झाला, असं त्यांना वाटे. गांधींवर मधुबाबूंच्या या विचारांचा ठसा उमटला होता आणि ते त्यांचा दाखला देत. पुतणी शाळेत गेली नाही, घरीच ओडिया वाचायला शिकली. पण चामडं कमावणं हे अभिमानाचं काम असू शकतं, हे तिच्या घरात कुणीतरी करून दाखवलेलं होतं.

1914 मध्ये, चौदाव्या वर्षी लग्न. सासर कटकच्या चौधरी घराण्यातलं, सासरे वकील. नवरा गोपबंधू हुशार, एम.ए. होऊन डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाला. (ओडिशाच्या इतिहासात गोपबंधू दोन. ‘उत्कलमणी’ गोपबंधू दास वेगळे. मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, माझीही झाली होती.) त्या काळी अशा घरातली सून गाडीला पडदा लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. दोन मुलं झाली. मनमोहन आणि 1917 ची अन्नपूर्णा. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर संसार या गावाहून त्या गावाला जात होता.

मग 1921 साल आलं. मार्चमध्ये गांधी पहिल्यांदा ओडिशात आले. कटकला बिनोदबिहारीत बायकांची वेगळी सभा झाली. रमादेवी तिथे गेल्या आणि अंगावरचे दागिने त्यांनी स्वराज्य फंडात दिले. दागिने देण्याचे असे प्रसंग त्या दशकात देशभर घडले, आपल्याकडेही घडले. पुष्कळ घरांत त्या एका दिवशी भारावून जाऊन पुढे सगळं पूर्ववत झालं. रमादेवींच्या घरात पूर्ववत व्हायला काही उरलंच नाही. गोपबंधूंनी त्याच वर्षी नोकरी सोडली. पगार गेला, बंगला गेला, गडीमाणसं गेली. खादी आली. पाठोपाठ जगतसिंहपूरचा अलका आश्रम आला. अलका हे तिथल्या नदीचं नाव. मुलांना घेऊन रमादेवी तिथे राहायला गेल्या. 1922 च्या गया काँग्रेसला ओडिशातून ज्या मोजक्या बायका गेल्या, त्यांत त्या होत्या.

त्यांच्या आयुष्यातली मला उमगलेली पहिली मोठी गोष्ट ही. आपल्याकडे सुधारक बाईची कथा घराशी झालेल्या भांडणातून सांगितली जाते, कारण खूपदा ती तशीच घडलेली असते. रखमाबाईंचंच पाहा, सासर एकीकडे आणि त्या एकीकडे. रमादेवींनी घर सोडलं नाही. ते अख्खं उचललं आणि रस्त्यावर आणून ठेवलं. नवरा, मुलं, दीर नबकृष्ण, शांतिनिकेतनात शिकून आलेली जाऊ मालती, सगळे त्याच वाटेने. मालतीदेवींना गांधी ‘तुफानी’ म्हणत. घरातल्या भांड्यांपासून माणसांपर्यंत जे होतं ते सगळं कामाला लागलं. परत जायला मागे खोली ठेवली नाही. सोपं वाटतं, पण ज्या बाईने असं केलं तिला रात्री दार लावून ‘आता मी माझी’ असं म्हणण्याची सोय कधीच राहिली नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

इंचुडीला जायचं तर बालेश्वरकडून समुद्राच्या दिशेला उतरावं लागतं. सपाट मुलूख, भाताची खाचरं संपता संपता जमीन राखाडी होते आणि पायाखालची माती वाळली की पांढरी चमकते. ते मीठ. 1930 मध्ये दांडीपाठोपाठ देशात जे मोठे मिठाचे सत्याग्रह झाले, त्यांत इंचुडीचं नाव अग्रक्रमाने घेतात. याला कारण आहे. ओडिशाच्या किनाऱ्याला मीठ म्हणजे कुणाच्या तरी पोटातून ओढून काढलेली गोष्ट होती.

या किनाऱ्यावर ‘मलंगी’ नावाचे मीठ करणारे होते. खारी माती खरवडायची, तिच्यातून पाणी गाळायचं, ते खारट पाणी मडक्यांतून उकळायचं. जे उरतं ते ‘पंगा’ मीठ, पांढरंशुभ्र. 1803 मध्ये इंग्रजांनी कटक घेतलं आणि लागलीच मिठावर सरकारी मक्ता बसवला. पुढे इंग्लंडहून येणाऱ्या मिठापुढे इथलं मीठ टिकू दिलं नाही, आणि 1860 च्या दशकात इथलं मीठ करणं जवळपास बंद पाडलं. हजारो मलंगी कुटुंबांचा धंदा गेला. त्यानंतर 1866 चा दुष्काळ आला, ओडिया लोक ज्याला ‘नअंक’ म्हणतात. सुमारे दहा लाख माणसं मेली. ओडिशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येत तिघांतलं एक. मेलेल्यांत या किनाऱ्यावरच्या बेकार झालेल्या मलंगींचा भरणा मोठा होता. इंचुडीच्या बाईने 1930 मध्ये मडकं चुलीवर चढवलं, तेव्हा तिच्या आजीला बंद करायला लावलेलं काम तिने पुन्हा हातात घेतलं.

6 एप्रिल 1930 रोजी कटकच्या स्वराज आश्रमातून 21 सत्याग्रहींची पहिली तुकडी पायी निघाली. पुढे गोपबंधू चौधरी. वाटेतच त्यांना पकडलं. आचार्य हरिहर दासांनी तुकडी पुढे नेली आणि 13 एप्रिलला इंचुडीला मीठ उचललं गेलं. पुरुष एकेक करून तुरुंगात जाऊ लागले, आणि त्याच महिन्यात बायका आल्या: रमादेवी, मालतीदेवी, किरणबाला सेन आणि त्यांच्या मागे गावोगावच्या बायकांचे जथे. किनाऱ्यावरच्या गावांत बायकांना चुलीवरचं मीठ काही शिकवावं लागलं नाही. शिकवायचं होतं ते पोलीस मडकं फोडायला आला तर काय करायचं, हे. त्यासाठी रमादेवी घरोघर गेल्या. ज्या घरातल्या बायका परपुरुषासमोर येत नव्हत्या त्यांना शिपायांच्या रांगेसमोर उभं करायचं, तेही हात न उगारता. ही गोष्ट भाषणाने होत नाही. आदल्या रात्री त्या घरात जाऊन राहावं लागतं, सासूला विचारावं लागतं, तान्ह्या मुलाचं उद्या कोण पाहील ते ठरवावं लागतं. इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्याची एक ओळ होते: ‘स्त्रियांनी मोठ्या संख्येने भाग घेतला.’ रमादेवींचं काम त्या ओळीच्या आत आहे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना अटक झाली. मार्च 1931 मध्ये गांधी–आयर्विन करार झाल्यावर सुटल्या, 1932 मध्ये पुन्हा आत. या वेळी हजारीबागचा तुरुंग. ओडिशा तेव्हा बिहारला जोडलेला होता, वेगळा प्रांत व्हायला 1 एप्रिल 1936 उजाडावं लागलं.

1932 च्या सप्टेंबरात पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात गांधींचं उपोषण झालं आणि पुणे करार झाला. मराठी माणूस या तारखेपाशी निवांत उभा राहू शकत नाही. बाबासाहेबांना काय सोडून द्यावं लागलं हे आपल्याला माहीत आहे. ‘हरिजन’ हा शब्द ज्यांच्यासाठी होता त्यांतल्या कितीतरी जणांनी तो कधीच स्वीकारला नाही, हेही माहीत आहे. गांधींच्या मार्गात सवर्णांचं प्रायश्चित्त मध्यभागी होतं, आंबेडकरांच्या मार्गात दलितांचा हक्क. रमादेवी पहिल्या मार्गाच्या. मी त्यांच्याविषयी लिहिताना हा फरक झाकून ठेवणार नाही. मला दुसरा मार्ग जास्त न्यायाचा वाटतो. पण प्रायश्चित्त म्हणून नुसती सभा घेणारे आणि रोज सकाळी घमेलं उचलणारे यांत अंतर आहे, आणि रमादेवी घमेलं उचलणाऱ्यांतल्या होत्या.

ओडिशात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘अस्पृश्यता निवारण समिती’ काढली. पुढे तिचंच नाव हरिजन सेवक संघाशी जोडलं गेलं. पाण, हाडी, बाउरी, कंडरा या जातींच्या वस्त्यांमध्ये जाऊन झाडायचं, उघड्यावरची घाण उचलायची, मुलांना अंघोळ घालायची, खरजेवर औषध लावायचं, संध्याकाळी अक्षरं शिकवायची. चौधरींची सून वस्तीत जाऊन आली की घरी परतताना गावचे लोक विहिरीपाशी काय म्हणत असतील, ते आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. शास्त्री असो की लोहार, शिवाशिवीच्या बाबतीत गावाला एकच तोंड असतं. ओडियात या शिवण्याला ‘छुआँ’ म्हणतात.

1934 मध्ये गांधी अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. बिहारात देवघरला जाताना त्यांच्या मोटारीवर सनातन्यांनी हल्ला केला होता. ओडिशात पुरीला आल्यावर त्यांनी मोटार सोडली आणि 9 मे रोजी पायी चालायला सुरुवात केली. जूनमध्ये ते भद्रकला पोचले. ओडिशातला मे म्हणजे अंगातून पाण्याच्या धारा. रमादेवी बरोबर होत्या, सोळा वर्षांची अन्नपूर्णाही होती. मुक्काम, पाणी, भात, रात्रीची सभा, दुसऱ्या दिवशीची वाट, हे सगळं कुणाला तरी पाहावं लागतंच. रमादेवींची इथे जी तालीम झाली, ती पुढे तीस वर्षं पुरली.

त्यानंतर बारी. आजच्या जाजपूर जिल्ह्यातलं हे गाव. नद्यांच्या फाट्यांमध्ये अडकलेला मुलूख, पावसाळ्यात पाणी घरात शिरणार हे ठरलेलं. चौधरी कुटुंबाने तिथे मुक्काम टाकला आणि गांधींनी त्या जागेला नाव दिलं सेवाघर. आश्रम म्हटलं नाही, कचेरी म्हटलं नाही. सूत, खादी, सफाई, आजाऱ्यांची शुश्रूषा, पुराच्या दिवसांत होडीतून धान्य. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली. हाताने काम करत करत शिकायचं, मधुबाबूंच्या पुतणीला हे नवीन नव्हतं. ओडिशात या शिक्षणाचा प्रयोग बारीच्या परिसरात सुरू झाला. सरकारने 1941 मध्ये अंग काढून घेतलं, तरी गोपबंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतःच्या बळावर पुढे चालू ठेवला. मला या नावातला ‘घर’ हा शब्द फार खरा वाटतो. चौधरींचं कटकचं घर 1921 मध्ये मोडलं होतं. ते पुन्हा उभं राहिलं ते इथे, आणि या खेपेला त्यात कुणीही येऊन राहू शकत होतं. जात कुठली ते कुणी विचारत नसे. स्वयंपाकघर एक, पंगत एक. त्या पंगतीत बसणं हीच परीक्षा होती, आणि बारीत ती रोज द्यावी लागे.

या काळातला एक प्रसंग ओडिशातल्या गांधीजनांना कायम सलत राहिला. मार्च 1938 मध्ये पुरीजवळ डेलांगला गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं. तिथून कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन जगन्नाथाच्या दर्शनाला गेल्या आणि मंदिराच्या आत गेल्या. दलितांना तिथे मज्जाव होता. कळल्यावर गांधी विलक्षण अस्वस्थ झाले, त्यांची प्रकृती बिघडली, महादेवभाई त्यांना सोडून जायला निघाले. वाचताना वाटतं, दोन भाविक बायका देवाला गेल्या, त्यात एवढं काय? पण जगन्नाथाचं दार हे काही साधं दार नाही. आपल्याकडे जसा विठोबा, तसा ओडियांचा जगन्नाथ. त्याचा महाप्रसाद ब्राह्मण आणि शूद्र एका पानात खातात, ही तिथली शतकांची रीत. प्रसाद एकत्र आणि पायरी मात्र वेगळी. पंढरपुरात 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, ते याच पायरीसाठी.

1942 मध्ये सगळं घर पुन्हा तुरुंगात गेलं. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावाने जो निधी जमला त्यातून खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठी कस्तुरबा ट्रस्ट निघाला, आणि ओडिशाची जबाबदारी रमादेवींवर आली. त्यांनी केंद्र काढलं ते सत्यभामापूरला, आपल्याच जन्मगावी. खेड्यातल्या मुलींना तिथे ग्रामसेविका म्हणून तयार करायचं: बाळंतपण, बालवाडी, सूत, स्वच्छता. त्यातल्या कितीतरी परित्यक्ता किंवा विधवा असत. ज्या गावात रमादेवींना मुलगी म्हणून शाळेत जाता आलं नव्हतं, त्या गावात बाहेरगावच्या मुली शिकायला येऊ लागल्या.

स्वातंत्र्यानंतर त्यांना सत्तेत सहज जागा मिळाली असती. दीर नबकृष्ण 1950 मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. रमादेवी निवडणुकीच्या वाटेला गेल्या नाहीत. कोरापुटच्या दुष्काळात मदतीला गेल्या, आदिवासी भागात केंद्रं काढली. मग विनोबा आले.

इथे मला ओडिशाशी असलेल्या आमच्या जुन्या नात्याबद्दल बोललं पाहिजे. मराठी माणूस ओडिशात प्रथम गेला तो घोड्यावर बसून. 1751 ते 1803 कटक नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. बंगाल-ओडिशाच्या लोकस्मृतीत ‘बर्गी’, म्हणजे हाच मराठा स्वार, आला की मुलं गप्प होतात. तो चौथाई मागायला यायचा, उत्पन्नाचा चौथा हिस्सा. 1955 च्या जानेवारीत गागोद्याचा एक कृश माणूस पायी ओडिशात शिरला आणि त्याने जमिनीचा सहावा हिस्सा मागितला, भूमिहीनासाठी. तो सप्टेंबर संपेपर्यंत तिथे चालत होता. या दोन मागण्यांमधली दोनशे वर्षं मी कटकला बाराबटी किल्ल्याच्या खंदकापाशी उभी राहून मनात मोजली होती.

विनोबा येण्याआधीच रमादेवी आणि गोपबंधू भूदानासाठी गावोगाव हिंडायला लागले होते. एकूण सुमारे 4000 किलोमीटर पायपीट. तेव्हा रमादेवी पन्नाशीच्या पुढे. रोज दहा-पंधरा किलोमीटर, संध्याकाळी सभा, रात्री मिळेल त्या ओसरीवर झोप. 1953 साली कटक जिल्ह्यातल्या मानपूर गावाने सगळी जमीन गावाच्या नावावर करून दिली. ओडिशातलं हे पहिलं ग्रामदान. पुढे कोरापुटच्या डोंगरांत आदिवासींची शेकडो गावं ग्रामदानी झाली, आणि त्या गावांची घडी बसवायला सर्व सेवा संघाने पाठवलं ते मराठी माणसाला, अण्णासाहेब सहस्रबुद्धे यांना. पायथ्याशी कोरापुटचे कंध, परजा, गदबा आदिवासी. मध्ये रमादेवी, गोपबंधू, मालती, नबकृष्ण. आणि हिशोबाला अण्णासाहेब. मराठी आणि ओडिया माणसांनी जोडीने केलेलं एवढं मोठं काम दुसरं कुठलं, ते मला आठवत नाही.

दान मिळालेली सगळी जमीन खरोखर भूमिहीनाच्या हातात गेली नाही. कित्येक ठिकाणी नापीक तुकडे दिले गेले, कित्येक ठिकाणी कागद झाला आणि ताबा नाही. रमादेवींचं श्रेय मी या जमिनीच्या आकड्यावर मोजत नाही. आदिवासी बाईने गावसभेत बसून जमिनीविषयी बोलावं, आणि त्या सभेत जिल्ह्याच्या गावाहून आलेली एक पांढऱ्या खादीतली म्हातारी तिच्या शेजारी जमिनीवर बसलेली असावी, हे त्या भागात आधी घडत नव्हतं.

या पदयात्रेत विनोबा ओडिया शिकले आणि जगन्नाथ दासांचं भागवत वाचू लागले. सोळाव्या शतकातलं हे ओडिया भागवत. परंपरा सांगते, आईला संस्कृत कळत नाही म्हणून जगन्नाथ दासांनी ते ओडियात आणलं. गावोगावी त्याच्यासाठी ‘भागवत टुंगी’ असे. संध्याकाळी गाव तिथे जमे आणि एकजण वाचे. आपल्याकडे एकनाथांचं भागवत त्याच शतकातलं, आणि ते सबंध एकादश स्कंधावर. विनोबांचं ‘भागवत-धर्म-सार’ याच ओडिया वाचनातून पुढे आलं आणि तेही एकादश स्कंधाचं. नाथांच्या पैठणचा धागा ओडिशातल्या एखाद्या टुंगीत जाऊन अडकतो, हे मला फार सुखाचं वाटतं. भूदानाची सभा बऱ्याचदा त्याच टुंगीपुढच्या मोकळ्या जागेत भरे.

आणि तरीही तो दरवाजा. मार्च 1955 मध्ये पुरीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा जगन्नाथाच्या दर्शनाला निघाले, बरोबर एक फ्रेंच बहीण होती. तिला आत सोडणार नाही म्हटल्यावर विनोबा पायरीवरूनच परत फिरले. आयुष्यभर गीता आणि भागवत गाणारा माणूस जगन्नाथाला न पाहता मागे वळला. तीन वर्षांनी, 1958 मध्ये, पंढरपूरला वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना घेऊन ते विठोबापर्यंत पोचले. डेलांगला 1938 मध्ये जे झालं होतं त्याला सतरा वर्षांनी त्याच दारात दिलेलं उत्तर म्हणून मी पुरीच्या या प्रसंगाकडे पाहते.

नबकृष्णांनी 1956 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं आणि तेही भूदानात आले. 29 एप्रिल 1958 रोजी गोपबंधू गेले. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. पुढची सत्तावीस वर्षं रमादेवी एकट्या होत्या, म्हणजे नवऱ्याविना होत्या. एकट्या त्या कधीच नव्हत्या.

पंचाहत्तरीच्या सुमाराला त्यांच्यावर जी वेळ आली ती मला सगळ्यांत अवघड वाटते. माझं बालपण वर्धा जिल्ह्यात गेलं. धाम नदीकाठचा पवनारचा आश्रम आम्हाला परका नव्हता, विनोबांविषयी घरात जो आदर होता तो मी अजून बाळगून आहे. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली. विनोबा मौनात होते. त्यांनी लिहिलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवला. त्यांच्या मनातला अर्थ वेगळा होता असं त्यांनी पुढे समजावलं. पण तोवर तो शब्द सरकारच्या हातात गेला होता. सर्वोदयाची चळवळ आतून दुभंगली. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं विनोबांमागे पायपीट केली त्यांना ठरवायचं होतं, गुरूच्या शब्दाबरोबर की आपल्या विवेकाबरोबर.

रमादेवींना फार वेळ लागला नसावा. त्यांनी आणीबाणीविरुद्ध वृत्तपत्र काढायला घेतलं. ग्रामसेवक छापखाना सरकारने बंद पाडला. दीर नबकृष्ण, जाऊ मालती, मुलगा मनमोहन, मुलगी अन्नपूर्णा, सगळे तुरुंगात. इंग्रजांच्या राज्यात ज्या घराने तुरुंग भरले त्या घराला स्वतंत्र भारताने पुन्हा तुरुंग दाखवला. विनोबांबद्दल रमादेवींनी तेव्हा कटू बोलावं, असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. त्यांनी फक्त त्या बाबतीत त्यांचं ऐकलं नाही. आई म्हणून ज्यांचे पाय धरले जातात त्यांच्याकडून आपण क्षमेची, सांभाळून घेण्याची अपेक्षा करतो. पण हा निर्णय तीस-चाळीस वर्षं कायदे मोडत आलेल्या कार्यकर्तीचा होता.

1981 मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, वर्ध्याच्याच एका घराच्या नावाचा. 1984 मध्ये उत्कल विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. शाळेत न गेलेल्या बाईला. कटकला लहान मुलांची शाळा निघाली, त्यातही त्यांचा हात होता. 22 जुलै 1985 रोजी त्या गेल्या. त्यांचं आत्मकथन ओडियात आहे, ‘जीवन पथे’. कुणीतरी ते ओडियातून थेट मराठीत आणायला हवं.

अन्नपूर्णा त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षं होत्या. सोळाव्या वर्षी गांधींबरोबर पुरीहून चालत निघालेली ती मुलगी. तिने रायगड्यात आदिवासी मुलांची शाळा चालवली, चंबळच्या डाकूंच्या शरणागतीच्या वेळी तिथे जाऊन काम केलं, गांधी-विनोबा ओडियात आणले. 31 डिसेंबर 2012 ला ती गेली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. सत्यभामापूरचं केंद्र मात्र चालू होतं. त्याच्या अंगणात, मी गेले त्या दुपारी, चरख्यांची खोली उघडी होती आणि दोन मुली ओल्या साड्या वाळत घालत होत्या. त्यातल्या एकीने मला खुणेनेच विचारलं, जेवलात का? मी नाही म्हटल्यावर तिने पखाळाचं ताट आणून ठेवलं: रात्रीचा पाण्यातला भात, कांदा, हिरवी मिरची, भाजलेल्या वांग्याचं भरीत. माझं नाव, गाव, जात तिने विचारली नाही. ताट माझ्यापुढे ठेवून ती पुन्हा दोरीकडे गेली.